हवेतल्या लहरींवर जगणारा सेन्सर : वहीतल्या नोंदी

४ ऑक्टोबर

सुरुवात भाच्यामुळे झाली. त्याने एक व्हिडिओ दाखवला. तांब्याच्या तारेचं वेटोळं, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारे भाग) यांची रांग, आणि शेवटी फोनच्या पडद्यावर चार्जिंगची खूण. "मामा, हवेत एवढ्या लहरी फिरतायत, मग फोन का नाही चार्ज होणार?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला वही घेतली.

बॅटरी ४००० मिलिअँपिअर-तासांची, ३.८५ व्होल्टची. म्हणजे १५.४ वॅट-तास, ज्यूलमध्ये साधारण ५५,०००. हवेतून सतत १० मायक्रोवॅट (वॅटचे दहा लाखावे भाग) मिळतात असं हात सैल सोडून धरलं, तर ती भरायला ५५० कोटी सेकंद लागतील. म्हणजे १७६ वर्षं.

"मग पन्नास अँटेना लावू," भाचा म्हणाला. मुलगा हुशार आहे. पण लिथियम बॅटरी नुसती पडून राहिली तरी गळते. महिन्याला २ टक्के गळती धरली तर ती सरासरी ४२० मायक्रोवॅट होते. पन्नास अँटेनांचे ५०० आले, त्यातले ४२० गळतीत गेले, उरले ८०. आता २२ वर्षं. आणि एकच अँटेना असेल तर बॅटरी भरणं दूरच, जितकं येतंय त्याच्या बेचाळीस पट रोज गळून जातंय.

'चार्जिंग' हा शब्द वहीतून खोडला. ध्येय बदललं: एक तापमानाचा सेन्सर, त्याला सेल नाही, वायर नाही. हवेतून जे मिळेल त्यावर जमेल तेव्हा एक ब्लूटूथ पॅकेट पाठवायचं. दिवसाला दहा गेली तरी चालतील.

६ ऑक्टोबर

कोणत्या लहरी धरायच्या? आज फक्त आकडेमोड.

अँटेना म्हणजे लहरींच्या पावसात धरलेलं भांडं. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ तरंगलांबीच्या वर्गावर ठरतं. साध्या अर्धतरंग डायपोलला (लहरीच्या निम्म्या लांबीच्या सरळ अँटेनाला) वायफायच्या २.४५ गिगाहर्ट्झवर जेमतेम २० चौरस सेंटिमीटरचं तोंड मिळतं. ९५० मेगाहर्ट्झला साधारण १३०. आणि मध्यमलहरींवर, १ मेगाहर्ट्झला, आखूड तारेलासुद्धा तात्त्विक क्षेत्रफळ दहा हजार चौरस मीटरच्या वर, म्हणजे अडीच एकर! (तात्त्विक. प्रत्यक्षात तारेचा आणि जमिनीचा रोध त्यातला मोठा वाटा गिळतो.)

हा पाऊस किती पडतो याचं एक चांगलं मोजमाप २०१३ साली प्रसिद्ध झालं. लंडनच्या २७० भुयारी रेल्वे स्थानकांबाहेर इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी मापं घेतली. सरासरी, दर चौरस सेंटिमीटरला: जीएसएम ९०० च्या (टूजी मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्याच्या) टॉवरकडून ३६ नॅनोवॅट, जीएसएम १८०० कडून ८४, वायफायकडून ०.१८. आता भांड्याच्या तोंडाने गुणायचं. ९०० च्या पट्ट्यातून डायपोलला ४.७ मायक्रोवॅट. १८०० चा पाऊस दुपटीहून दाट, पण भांडं चौथाईएवढं, म्हणून ३ मायक्रोवॅटच्या आत. वायफायचे ३.६ नॅनोवॅट, ते तर हिशेबात धरायचीही गरज नाही.

तरीही भाच्याला वायफायच हवंय, कारण राउटर समोर दिसतो.

९ ऑक्टोबर

व्हिडिओतलं सर्किट जसंच्या तसं बांधलं. सात टप्प्यांचा व्होल्टेज मल्टिप्लायर (व्होल्टेज पायरीपायरीने चढवणारी साखळी), डायोड १एन४१४८, ब्रेडबोर्डवर (डाग न देता भाग खोचून जोडायच्या पाटीवर). मीटरवर शून्य. राउटरला चिकटवलं, शून्य. गच्चीवर नेलं, शून्य.

मग भाच्याने शेजारी एक जुना टूजी फोन ठेवून कॉल लावला, आणि लाल एलईडी लुकलुकली! घरभर आरडाओरडा.

उत्साहावर पाणी ओतायचं काम माझ्याकडे आलं. टूजी फोन बोलताना दर ४.६ मिलिसेकंदांतला आठवा भाग प्रक्षेपण करतो, आणि त्या क्षणी २ वॅटपर्यंत ताकद लावतो. एलईडी पेटली ती फोनच्याच बॅटरीवर, हवा मधली दलाल. व्हिडिओतल्या फोनचं गणित असंच काहीतरी असणार, नाहीतर टेबलाखाली वायर. फोनच्या लहरींवर फोन चार्ज करणं म्हणजे गळक्या मोटेने विहिरीतलं पाणी काढून त्याच विहिरीत ओतणं.

सात टप्पे का हरले हेही लिहून ठेवतो, कारण पुढे उपयोगी पडेल. सिग्नल इतका बारीक असताना डायोड स्विचसारखा वागत नाही. तो वर्गनियमाने चालतो, म्हणजे बाहेर येणारा व्होल्टेज आत आलेल्या शक्तीच्या प्रमाणात असतो. सात टप्पे लावले की शक्ती सात वाट्यांत विभागली जाते, प्रत्येक टप्प्याचा व्होल्टेज सातव्या हिश्शावर येतो, आणि सातांची बेरीज केली की मूळ आकडाच परत येतो. वर आतला रोध सातपट वाढतो तो वेगळाच. १एन४१४८ ला तर या पातळीवर सिग्नल आल्याचाच पत्ता लागत नाही. डबीत परत टाकले.

१० ऑक्टोबर

बिनतारी वीज खोटी आहे असं भाच्याचं मत झालंय, म्हणून त्याला दोन गोष्टी सांगितल्या. १९६४ मध्ये अमेरिकन अभियंते विल्यम ब्राऊन यांनी छोटं हेलिकॉप्टर निव्वळ सूक्ष्मलहरींच्या झोतावर हवेत ठेवून दाखवलं. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या गोल्डस्टोनला दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून अधिक वीज याच मार्गाने पोचली. पण तिथे मुद्दाम एका दिशेने मारलेला झोत होता. आपण जे वेचतोय ते सांडलेलं आहे. पीक काढणं आणि मळणी झाल्यावर खळ्यावरचे दाणे टिपणं, एवढा फरक.

त्याला मळणी माहीत नाही. असो.

१५ ऑक्टोबर

वायफायचा निकाल लागला.

राउटर १०० मिलिवॅटचा. एक मीटरवर दोन डीबीआयच्या, म्हणजे साध्या डायपोलएवढ्या, अँटेनाला कागदावर १६ मायक्रोवॅट मिळायला हवेत. मिळतातही, पण राउटर बोलत असेल तेव्हाच. कोणी वापरत नसताना तो दर १०२.४ मिलिसेकंदांनी 'मी आहे' एवढं सांगणारी छोटी बीकन पाठवतो, तीही एक-दोन मिलिसेकंदांची. बाकी वेळ गप्प. म्हणजे सरासरी दोन टक्के: ०.३ मायक्रोवॅट. मोठी फाइल उतरवायला लावली की आकडा चढतो, थांबली की पडतो.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी २०१५ मध्ये यावर नामी युक्ती काढली होती. राउटरलाच सांगायचं की काम नसेल तेव्हा रिकामी पॅकेटं पाठवत राहा, म्हणजे हवा गप्प राहणार नाही. त्यावर त्यांनी काही मीटर अंतरावरचा छोटा कॅमेराही चालवला. युक्ती छान, पण मग ती सांडलेली ऊर्जा राहत नाही, ते वाढून दिलेलं ताट होतं. मला ते नको. वायफाय बंद.

२२ ऑक्टोबर

गच्चीवरून मोबाइलचा टॉवर दिसतो, अंदाजे दीडशे मीटरवर. आज टायनीएसए (कुठल्या वारंवारतेला किती ताकद आहे ते दाखवणारं छोटं यंत्र) घेऊन ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झ चाळले. चांगली गोष्ट अशी की टूजीच्या प्रत्येक सेलची एक मुख्य वाहक लहर रात्रंदिवस पूर्ण ताकदीने चालू असते, कोणी बोलत असो वा नसो. फोरजीच्या लहरी मात्र गर्दीप्रमाणे कमीजास्त होतात.

पाच कांड्यांची यागी अँटेना बनवली, घरांवरच्या जुन्या टीव्ही अँटेनासारखी, एकाच दिशेकडून जास्त घेणारी. लाकडी पट्टी, तांब्याच्या सळ्या, मधला डायपोल १५ सेंटिमीटर. नॅनोव्हीएनएवर (अँटेना कुठल्या वारंवारतेला जुळते ते दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासून दोनदा कापावी लागली, पहिल्यांदा जास्त कापली म्हणून दुसऱ्यांदा नवी सळी. सळी कापता येते, लांबवता येत नाही, हे मला चाळिशी उलटल्यावरही दरवेळी नव्याने कळतं.

अँटेना उभी धरली तेव्हा पट्ट्यातली एकूण शक्ती उणे १८ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेतलं माप; उण्याचा आकडा लहान तितकी शक्ती जास्त). हात दुखला म्हणून जरा तिरकी झाली, तर आकडा वाढला. मग डोक्यात प्रकाश पडला: टॉवरवरच्या अँटेनांचं ध्रुवण, म्हणजे लहर डोलण्याची दिशा, सहसा उभं नसतं, ४५ अंशांत कललेलं असतं. यागीही ४५ अंशांत बांधून टाकली. उणे १६ डीबीएम, म्हणजे २५ मायक्रोवॅट.

भाच्याचा प्रश्न: आपण वीज घेतोय हे टॉवरला कळेल का? नाही. इतक्या अंतरावर लहर टॉवरची राहिलेली नसते, ती निघून गेली. आपण नाही घेतली तर कुठल्या तरी भिंतीत जिरून तिची उष्णता होणार. आपल्या मागे एक बारीकशी सावली पडत असेल, तेवढीच.

२९ ऑक्टोबर

शॉट्की डायोड (अगदी बारीक सिग्नललाही दाद देणारे) आले, एसएमएस ७६३०. मोहरीएवढे. पहिला चिमट्यातून उडाला तो अजून सापडलेला नाही.

ब्रेडबोर्डचा नाद सोडला. त्याच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्येच काही पिकोफॅराडची धारिता (कपॅसिटरसारखी साठवण) असते, आणि डायोडची स्वतःची ०.१४. म्हणजे सिग्नल डायोडपर्यंत पोचण्याआधीच आडवाटेने पळतो. दुहेरी तांब्याच्या पाटीवर सुरीने पट्ट्या कोरून एकाच टप्प्याचा डबलर (व्होल्टेज दुप्पट करणारी जोडणी) बांधला, पुढे अँटेनाशी जुळवणीसाठी एक बारीक कॉइल आणि ट्रिमर (फिरवून कमीजास्त करता येणारा कपॅसिटर). ट्रिमर फिरवायला प्लॅस्टिकचा पेचकस, कारण लोखंडी नुसता जवळ आणला तरी जुळवणी बिघडते. हात जवळ आणला तरी बिघडते. मी खोकलो तेव्हाही बिघडल्यासारखी वाटली.

वेगवेगळे रोध लावून मापं:

१ किलोओहम: ३९ मिलिव्होल्ट, १.५ मायक्रोवॅट
४.७ किलोओहम: १३७ मिलिव्होल्ट, ४.० मायक्रोवॅट
१० किलोओहम: २१५ मिलिव्होल्ट, ४.६ मायक्रोवॅट
४७ किलोओहम: ३५४ मिलिव्होल्ट, २.७ मायक्रोवॅट

उत्तम मुक्काम १० किलोओहमपाशी. २५ आत, ४.६ बाहेर, कार्यक्षमता १८ टक्के. ऐकायला कमी वाटेल, पण या पातळीला हे बरं आहे. आणि वर्गनियमाचा काच असा की आत येणारी शक्ती निम्मी झाली तर मिळकत निम्मी होत नाही, चौथाई होते. म्हणून अँटेनावर घालवलेला एक दिवस डायोडवर घालवलेल्या चार दिवसांपेक्षा जास्त देऊन जातो.

३० ऑक्टोबर

काही नाही. डायोड शोधला. सापडला नाही.

५ नोव्हेंबर

२१५ मिलिव्होल्टवर कुठलाही मायक्रोकंट्रोलर (सेन्सर चालवणारा चिमुकला संगणक) जागा होत नाही. व्होल्टेज चढवायला बीक्यू २५५०४ ही बूस्ट चिप घेतली. ही स्वतः ३३० नॅनोअँपिअरमध्ये भागवते, म्हणून निवडली. नेहमीचे कन्व्हर्टर इथे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पण एक मेख आहे. कपॅसिटर पूर्ण रिकामा असेल तर चिपला पहिल्यांदा सुरू व्हायला काहीशे मिलिव्होल्ट आणि दहा-पंधरा मायक्रोवॅट लागतात. एकदा तिचा कपॅसिटर १.८ व्होल्टच्या वर गेला की मग ती थेंबाथेंबावर राहते. थंड इंजिनासारखं, सुरू असताना चालेल पण सुरू होणार नाही. आत्ता तरी बाहेरून एक सेल क्षणभर टेकवून 'धक्का स्टार्ट' केलं.

चढवण्यात निम्म्याहून जास्त जातं. कपॅसिटरमध्ये पोचतात ते २.१ मायक्रोवॅट.

८ नोव्हेंबर

दोन संध्याकाळी वाया गेल्या. कशा, ते नीट लिहितो.

योजना अशी: कपॅसिटर ३.२ व्होल्टपर्यंत भरला की चिपची 'ओके' पिन मायक्रोकंट्रोलर सुरू करेल, २.२ ला उतरला की बंद. २२० मायक्रोफॅराडमध्ये या दोन टोकांच्या मधे ५९० मायक्रोज्यूल मावतात. एका खेपेला (जागं होणं, तापमान वाचणं, तीन वाहिन्यांवर पॅकेट) ३५० लागतात, हे टेबलावर पुरवठ्याला जोडून मोजलं होतं. म्हणजे दर पाच मिनिटांनी एक पॅकेट सहज निघायला हवं.

निघालं नाही. व्होल्टेज २.४ ला जाऊन बसला तो बसलाच. मी मीटर लावून समोर बसलो होतो, काटा हलण्याची वाट पाहत.

पहिला चोर: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. याची गळती मायक्रोअँपिअरच्या घरात असते. ३ व्होल्टला माझी एकूण कमाई ०.७ मायक्रोअँपिअर. थेंबे थेंबे तळे साचे खरं, पण तळ्याला बूड हवं. तो काढून सिरॅमिक लावले. सिरॅमिकचा वेगळा नखरा: शंभर मायक्रोफॅराड लिहिलेला कपॅसिटर ३ व्होल्टला पन्नास-साठच उरतो. म्हणून चार समांतर.

तरी ३ व्होल्टच्या वर जाईना. दुसरा चोर सापडायला पूर्ण एक संध्याकाळ लागली, कारण तो माझ्या हातातच होता. मल्टिमीटरचा रोध १० मेगओहम. एरवी आपण त्याला अनंत समजतो. पण ३ व्होल्टला तो ०.३ मायक्रोअँपिअर पितो. शिवाय बाकीची बारीकसारीक गळती. म्हणजे जवळजवळ अर्धी कमाई मोजणाऱ्याच्या पोटात जात होती. मी बघत होतो म्हणून ते होत नव्हतं.

मीटर काढला, दिवा मालवला, झोपायला गेलो.

९ नोव्हेंबर

सकाळी, पॅकेटं ऐकायला ठेवलेल्या रिसीव्हरच्या नोंदीत ४१ पॅकेटं. पहिलं रात्री १२:२७ ला, १८.६ अंश.

भाच्याला फोन केला. "फक्त तापमान?" म्हणाला.

१६ नोव्हेंबर

आठवडाभर बिनतक्रार. पॅकेटांमधलं अंतर दिवसा चार ते सहा मिनिटं, मध्यरात्रीनंतर आठ-नऊ. फोरजीची गर्दी ओसरली की उत्पन्न ओसरतं. तापमानाच्या तक्त्याच्या निमित्ताने परिसराच्या झोपेचा तक्ताही तयार होतोय.

आज दुपारी मात्र सगळं शांत. गच्चीवर जाऊन पाहिलं तर यागीच्या अगदी समोर ओली चादर वाळत घातलेली. पाणी या लहरी शोषतं आणि परतवतं. चादर वाळली, उचलली गेली, तरी सेन्सर गप्पच. कारण उघड होतं: चादरीमुळे कमाई थांबली, चिपने स्वतःच्या ३३० नॅनोअँपिअरवर उरलेलं संपवलं, पाचेक मिनिटांत कपॅसिटर १.८ च्या खाली आला, आणि आता थंड इंजिन सुरू करायला हवेत तेवढे मायक्रोवॅट टॉवरकडून येत नाहीत.

पुन्हा सेल टेकवला, सुरू झालं. पण ज्याला धक्का द्यायला माणूस लागतो तो 'सेलशिवाय' कसा म्हणायचा?

१८ नोव्हेंबर

सगळ्यात सोपा उपाय करून पाहिला, आणि पाहून वाईट वाटलं. जुन्या कॅल्क्युलेटरची सौर पट्टी, तीन चौरस सेंटिमीटर. खोलीतल्या साध्या दिव्याखाली: १५ मायक्रोवॅट. अँटेना नाही, जुळवणी नाही, मोहरीएवढा डायोड नाही. नखाएवढी काच माझ्या हातभर यागीच्या तिप्पट देते.

हे लपवण्यात अर्थ नाही. जिथे उजेड पोचतो तिथे रेडिओलहरी वेचण्याला फारसं कारण नाही. भिंतीच्या आत, बंद पेटीत, अंधाऱ्या माळ्यावर, जिथे उजेड नाही पण लहर पोचते, तिथे हिला जागा आहे. किंवा जिथे जवळून मुद्दाम लहर मारली जाते तिथे, जसे मालावर चिकटवलेले आरएफआयडी टॅग (लहर मारली की आपला क्रमांक सांगणाऱ्या बिनसेलच्या चिठ्ठ्या). ते रोज लाखोंनी याच तत्त्वावर चालतात आणि कोणी त्याचा व्हिडिओ काढत नाही.

पट्टी लावून प्रकल्प संपवता आला असता. पण मग सौर सेन्सरला शोभेची यागी जोडल्यासारखं झालं असतं. पट्टी काढली.

२३ नोव्हेंबर

६ ऑक्टोबरचे अडीच एकर डोक्यातून गेले नव्हते.

१८ मीटर तार गच्चीवरून ताणली, अर्थिंगसाठी जमिनीत सळई ठोकली. कॉइल, जुना गँग कंडेन्सर (रेडिओचं केंद्र लावायला फिरवतात तो कपॅसिटर), जर्मेनियम डायोड १एन३४ए. म्हणजे निव्वळ क्रिस्टल रेडिओ, शाळेत असताना बांधलेला तोच. मध्यमलहरींचं एक मोठं केंद्र साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. कंडेन्सर फिरवत गेलो, मीटर एकदम उसळला.

मोकळ्या टोकांना २.६ व्होल्ट. मी दोनदा पाहिलं. ४७ किलोओहमवर १.३ व्होल्ट, म्हणजे ३६ मायक्रोवॅट. महिनाभर झटून मिळवलेल्या ४.६ च्या जवळजवळ आठपट, एका संध्याकाळी, नव्वद टक्के भंगारातून. शिवाय त्याच डायोडला क्रिस्टल इअरफोन लावला तर बातम्या ऐकू येतात. भाचा पहिल्यांदाच गप्प झाला. सेल नसलेला रेडिओ त्याने आधी ऐकला नव्हता.

जगदीशचंद्र बोस यांच्या गॅलिना (शिशाचं खनिज) स्फटिकाच्या डिटेक्टरला अमेरिकेत पेटंट मिळालं ते १९०४ मध्ये. सव्वाशे वर्षांच्या आसपास जुनी ही युक्ती या वहीतल्या सगळ्या नव्या मालाला भारी पडली. पण १८ मीटर तार आणि जमिनीतली सळई घेऊन फिरता येत नाही. आणि हे केंद्र मध्यरात्री बंद होतं, पहाटे सुरू होतं. शिवाय ढग गडगडायला लागले की तार आधी काढून अर्थला जोडायची, ही सूचना मोठ्या अक्षरात गच्चीच्या दारावर चिकटवली आहे.

पण धक्का द्यायला हे उत्तम आहे. चिपच्या कोल्ड स्टार्टच्या वाटेला जायचंच नाही. २.६ व्होल्ट थेट तिच्या साठवण कपॅसिटरला द्यायचे. तो १.८ च्या वर गेला की चिप जागी, पुढचं टॉवर बघेल.

३० नोव्हेंबर

दिवसा झकास. मध्यरात्री केंद्र बंद झालं की काही मिनिटांत सेन्सरही बंद, टॉवर चालू असूनही! पहाटे केंद्र सुरू झालं की आपोआप जागा होतो. म्हणजे धक्का लागू पडतोय, पण रात्री काहीतरी पितंय.

तीन रात्री पाहिल्यावर लक्षात आलं. जर्मेनियम डायोड पुढच्या दिशेला जितका उदार, तितकाच उलट्या दिशेला सैल. केंद्र चालू असताना त्याच्यातून कपॅसिटरकडे येतं, केंद्र थांबलं की तेच उलटं, कॉइलवाटे जमिनीत. काही मायक्रोअँपिअर. एरवी रेडिओत याने कोणाचं काही बिघडत नाही.

मधे एकच दिशा पाळणारा, उलटी गळती जवळजवळ नसलेला डायोड हवा. साधा सिलिकॉन चालेल. तो ०.३ व्होल्ट खाईल, पण २.६ मधून ०.३ गेले तरी १.८ च्या वर राहतोच.

९ ऑक्टोबरला डबीत टाकलेले १एन४१४८ काढले. एक लावला.

७ डिसेंबर

सात दिवस, एकदाही हात लावलेला नाही. २ तारखेला यागीसमोर पुन्हा ओली चादर होती (सूचना फक्त विजेची चिकटवली होती, चादरीची नाही). पॅकेटं थांबली, पण तारेने कपॅसिटर १.८ च्या वर धरून ठेवला, आणि चादर निघाल्यावर ती आपोआप सुरू झाली. ४ तारखेला पहाटे तीन वाजता काहीतरी होऊन पूर्ण मेला. टॉवरचं काम चाललं असावं. पहाटे केंद्र सुरू झालं, अकरा मिनिटांनी पहिलं पॅकेट.

पॅकेटं पूर्वीसारखीच दिवसा दर चार ते सहा मिनिटांनी येतात, रात्री दर आठ-नऊ मिनिटांनी. हवं तर मोठा कपॅसिटर लावून दिवसाची मिळकत रात्रीसाठी राखता येईल. सुपरकपॅसिटर (नेहमीच्यापेक्षा कितीतरी जास्त साठवणारा कपॅसिटर) आणून ठेवला आहे, पण नवा असताना त्याचीच गळती सहा-सात मायक्रोअँपिअर आहे. आठवडाभर भरलेल्या अवस्थेत ठेवला की ती उतरते. सध्या तो टेबलावर पुरवठ्याला जोडून मुरत ठेवलाय.

भाचा आला होता. तक्ता पाहिला, आकडे पाहिले, मग खिडकीत ठेवलेल्या रिसीव्हर बोर्डाकडे बोट दाखवलं. "मामा, सेन्सर दोन मायक्रोवॅटवर चालतो. आणि त्याचं ऐकणारा हा बोर्ड?"

मोजला. ५ व्होल्ट, ८० मिलिअँपिअर. ०.४ वॅट, भिंतीतल्या सॉकेटमधून, रात्रंदिवस. टॉवरकडून होणाऱ्या कमाईच्या जवळजवळ दोन लाख पट.

हा आकडा वहीत यायला नको होता, पण त्याने तो स्वतःच्या हाताने लिहिला आहे.